चढाची सायकल : प्रस्तावना

जुन्या वस्तू जमविण्याचा छंद महाराष्ट्राला अपरिचित नाही. कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजेच दिनकर गंगाधर केळकर यांनी गावोगाव हिंडून जमविलेले दिवे, अडकित्ते, दौती आणि वाद्ये १९७५ साली शासनाच्या स्वाधीन केली, तेव्हा घरगुती वापरातल्या जिनसाही ताम्रपटांच्या आणि तरवारींच्या मांडीला मांडी लावून बसू शकतात, हे सर्वांना मान्य करावे लागले. परंतु ज्या वाहनाने मास्तरांना शाळेत, कारकुनांना कचेरीत आणि टपाल वाडीवाडीत पोहोचविले, त्या सायकलीच्या वाट्याला हा मान अद्याप पुरतेपणी आलेला नाही. पुराणवस्तू म्हणावी इतकी ती जुनी नाही आणि बाजारात किंमत यावी इतकी नवीही नाही. सबब ती आधी पडवीत, मग गोठ्यात आणि अखेर भंगारवाल्याच्या काट्यावर जाते, आणि तेथे तिचे मोल कारागिरीवर न ठरता किलोवर ठरते. या किलोच्या हिशेबातून काही सायकली सोडवाव्यात, आणि त्या कशा सोडवाव्यात याची रीतसर माहिती मराठीत उपलब्ध व्हावी, एवढ्या हेतूने हे पुस्तक सिद्ध केले आहे.

पुस्तकाचा विषय वरकरणी दुहेरी दिसेल. पूर्वार्धात इंग्लंडहून आलेल्या आणि पुढे आपल्याकडेच तयार होऊ लागलेल्या, काळ्या रंगाच्या, सळईच्या ब्रेकच्या, अठ्ठावीस इंची चाकांच्या सायकलींचा विचार आहे. उत्तरार्धात १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेत जन्मलेल्या आणि १९९० नंतर आपल्या बाजारात रूढ झालेल्या डोंगरी सायकलींचा, म्हणजे माउंटन बाइकचा. पहिली आजोबांची आणि दुसरी नातवाची. एकीच्या चाहत्याला दुसरीचे सोयरसुतक नसते, असाच साधारण अनुभव आहे. मग दोघींना एका बांधणीत का आणले, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे, आणि त्याचे उत्तर देणे हेच या प्रस्तावनेचे मुख्य प्रयोजन होय.

प्रथम पहिलीचा इतिहास थोडक्यात पाहू. १८८५ साली कॉव्हेंट्रीच्या जॉन केंप स्टार्ली याने जवळजवळ सारख्या आकाराच्या चाकांची, मागचे चाक साखळीने फिरविणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांची डॉक्टरी करणाऱ्या जॉन बॉइड डनलॉप याने हवा भरलेल्या रबरी धावेचे पेटंट घेतले. आणि या दोन गोष्टींचा संयोग होताच सायकलीचे जे रूप ठरून गेले, ते पुढची कित्येक दशके फारसे बदललेच नाही. नॉटिंगहॅमची रॅले आणि बर्मिंगहॅमची बीएसए, ही नावे आपल्या लोकांच्या तोंडी इतकी रुळली की त्या परगावच्या पेढ्या आहेत याचेही विस्मरण झाले. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी कारखानदारी उभी राहिली. मुंबईत वरळीस हिंद सायकल, मद्रासनजीक अंबत्तूरला १९४९ साली टीआय सायकल, सोनीपतला १९५१ साली ॲटलस, बंगालात आसनसोल येथे सेन-रॅले आणि लुधियान्यास १९५६ साली हीरो, असा हा विस्तार झाला. यांपैकी हिंद आणि सेन-रॅले या दोन कंपन्या डबघाईस आल्यावर १९८० साली खास कायदा करून सरकारने ताब्यात घेतल्या, तरी त्यांचे आयुष्य त्यामुळे फार वाढले नाही. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना तर २०२० सालच्या ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी, बंद पडला. ज्या वस्तूचे कारखानेच काळाच्या उदरात गेले, तिचे सुटे भाग दुकानात मिळेनासे व्हावेत यात नवल नाही; आणि म्हणूनच आजच्या संग्राहकाला अर्धा वेळ गिऱ्हाइकाची आणि अर्धा वेळ कारागिराची भूमिका वठवावी लागते.

सायकलीचा सरकारदरबाराशी जो संबंध होता, तोही संग्राहकाने ध्यानी ठेवावा. कित्येक नगरपालिका सायकलींवर सालिना कर बसवीत आणि तो चुकता केल्याची खूण म्हणून धातूचा एक लहानसा बिल्ला देत. रात्री दिव्यावाचून फिरणाऱ्यास किंवा डबलसीट नेणाऱ्यास पोलीस अडवीत आणि दंड करीत. हँडलाजवळ किंवा आसाच्या नटाखाली अडकविलेला हा कराचा बिल्ला आजही एखाद्या सायकलीवर मिळतो. त्यावर गाव आणि साल कोरलेले असते, त्यामुळे ती सायकल कोणत्या काळी कोठे फिरत होती याचा याहून भरवशाचा दाखला दुसरा नसतो. चकचकीत करण्याच्या भरात असा बिल्ला काढून फेकणे म्हणजे दस्तऐवज फाडण्यासारखेच आहे.

आता दोघींना एकत्र आणण्याच्या कारणासाठी कोकणाकडे वळू. पावस हे गाव स्वामी स्वरूपानंदांच्या समाधीमुळे सर्वांस ठाऊक आहे. सायकलींसाठी ते कोणाला ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि सायकलीची खरी परीक्षा पाहावयाची असेल, तर अशाच गावी पाहावी. खाली खाडी, वर जांभ्याचा सडा, आणि या दोहोंना जोडणारा रस्ता चढउतारांवाचून दुसरे काही न जाणणारा. मुंबईचा माल पूर्वी बोटीने रत्नागिरीच्या बंदरात उतरे, आणि भाट्याचा पूल होण्यापूर्वी काजळीची खाडी तरीतून ओलांडल्याखेरीज तो या बाजूस येत नसे. इंग्लंडच्या सपाट, फरसबंदी रस्त्यांसाठी योजलेली सायकल अशा मुलखात आली, म्हणजे तिच्यात फेरफार करणे ओघानेच आले. मासळीच्या टोपल्यांसाठी लोहाराने जाड सळईचे कॅरियर घडविले. पुढचा फोर्क वाकू नये म्हणून आसापासून वरपर्यंत आधाराच्या दोन सळया ठोकल्या. झिजलेल्या पायडलांच्या जागी सुताराने लाकडी ठोकळे बसविले. गोव्यात पाव विकणाऱ्या पदेराने मागे बांबूची भली मोठी टोपली बांधली आणि घंटीच्या जागी रबरी भोंगा लावला. हे फेरफार कोणत्याही कंपनीच्या सूचिपत्रात सापडणार नाहीत, आणि तरीही या प्रदेशातील सायकलीचा खरा इतिहास त्यांतच आहे.

नेमकी हीच गोष्ट निराळ्या कारणाने कॅलिफोर्नियात घडली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मरिन परगण्यात तामालपाइस नावाचा डोंगर आहे. तेथील काही तरुण १९७० नंतर श्विन कंपनीच्या १९३० ते १९४० च्या सुमाराच्या, जाड टायरांच्या, भंगारात पडलेल्या ‘एक्सेलसियर’ सायकली हुडकून आणीत आणि त्यांवर बसून वणव्याच्या बंदोबस्तासाठी काढलेल्या कच्च्या वाटांनी डोंगर उतरत. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अशाच एका उतारावर पहिली शर्यत झाली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या आत असे; तो उतारावर इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे आणि दर फेरीनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे; ‘रिपॅक’ हे त्या शर्यतीचे नाव या उपद्व्यापातूनच पडले. पुढे त्या जुन्या सायकलींना मोटरसायकलीच्या ब्रेकमुठी आणि पाचदहा गियर जोडले गेले, आणि जुनी फ्रेम हे सारे सोसेनाशी झाल्यावर जो ब्रीझ याने १९७७ साली या कामासाठी खास फ्रेम बांधली. गॅरी फिशर, चार्ली केली आणि टॉम रिची यांनी १९७९ साली अशा सायकलींचे दुकान मांडले, आणि १९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीची ‘स्टंपजंपर’ ही पहिली कारखानी डोंगरी सायकल विक्रीस आली. तिचा एक नमुना आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रही आहे.

या हकिकतीतले मर्म असे, की डोंगरी सायकल ही कोणा अभियंत्याच्या कागदावर जन्मलेली नसून जुन्या सायकलीची मोडतोड करून चढउतारासाठी घडविलेली आहे. त्या तरुणांनी एक्सेलसियर सायकली मूळ रंगात, मूळ घंटीसह, काचेआड जपून ठेवल्या असत्या, तर माउंटन बाइक जन्मास आलीच नसती. याचा अर्थ लक्षात घेतला, म्हणजे संग्राहकांच्या जगात परवलीचा झालेला ‘मूळ स्वरूप’ हा शब्द किती निसरडा आहे ते कळते. मूळ स्वरूप म्हणजे केव्हाचे स्वरूप? कारखान्याच्या दाराबाहेर पडली त्या दिवशीचे, की ज्या कामामुळे ती सायकल संग्रही ठेवण्यायोग्य ठरली त्या कामाच्या दिवसांतले? कॅलिफोर्नियातल्या एखाद्या एक्सेलसियरवरून नंतरचे गियर उतरवून तिला पुन्हा १९३८ सालची करणारा जीर्णोद्धारक इतिहासाची सेवा करीत नाही. आणि मासळीवाल्याच्या सायकलीवरून लोहाराचे कॅरियर कापून तेथे नवे क्रोमियमचे बसविणाराही ती करीत नाही.

येथे पोथ्यांच्या संपादकाचे उदाहरण उपयोगी पडेल. चांगला संपादक नकलकाराचा हस्तदोष दुरुस्त करतो, कसरीने खाल्लेली अक्षरे इतर प्रतींच्या आधाराने भरून काढतो. परंतु समासात कोणी जाणत्याने लिहिलेली टीप तो खोडीत नाही, आणि आपण घातलेले अक्षर आपले आहे हे कंसाने दाखवितो. सायकलीच्या बाबतीत हाच विवेक या पुस्तकात एका सूत्राने सांगितला आहे : उपयोगाच्या खुणा राखाव्यात, उपेक्षेच्या काढाव्यात. हाताने घासून गुळगुळीत झालेली मूठ, चेनकव्हरावर पेंटरने काढलेले मालकाचे नाव, लोहाराची सळई, सुताराचे पायडल, या उपयोगाच्या खुणा होत. गंज, गोठलेले ग्रीस, पावसात फुगून फाटलेली चामडी सीट, आणि कोणीतरी घाईने सगळ्यावरून फासलेला चंदेरी रंग, या उपेक्षेच्या. मधला एक वादग्रस्त प्रदेश उरतोच. फोर्कला गेलेला तडा गावच्या वेल्डरने जोडलेला असेल, तर ती खूण उपयोगाचीच. परंतु त्या फोर्कवर उतार उतरणे म्हणजे जिवाशी खेळ. अशा वेळी तो फोर्क चिठ्ठी बांधून जपून ठेवावा, त्याच्या जागी दुसरा बसवावा, आणि नोंदवहीत तारखेनिशी तसे लिहावे. केलेले काम पुढच्या माणसाला उलगडून पुन्हा पूर्ववत करता आले पाहिजे, हे दुसरे सूत्र, आणि पहिल्याइतकेच महत्त्वाचे.

सूत्रे सांगणे सोपे; ती कोकणच्या हवेत पाळणे अवघड. रत्नागिरीस वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि उरलेले आठ महिने वाऱ्याबरोबर खार येत असते. पोलादावर निकल आणि क्रोमियमचा मुलामा असला, तरी त्यातील सूक्ष्म छिद्रांतून हा खार आत शिरतो आणि मुलामा वरून शाबूत दिसत असताना खालून धातू पोखरतो. काळ्या सायकलीत पाणी सीटच्या नळीतून उतरून क्रँकच्या आसाभोवती साचते. म्हणून तेथील नळीच्या तळाशी निथळण्याचे भोक आहे की चिखलाने बुजले आहे, हे फ्रेम हाती येताच प्रथम पाहावे, आणि फ्रेम वाळल्यावर नळ्यांच्या आतून उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हात फिरवावा. डोंगरी सायकलीचे दुखणे वेगळे. तिच्या पोलादी फ्रेममध्ये सीटची दांडी बहुधा ॲल्युमिनियमची असते. दोन भिन्न धातू आणि मधे खारट ओल, अशी गाठ पडली की ॲल्युमिनियम गंजून फुगते आणि दांडी नळीत अशी घट्ट बसते की दोघे धट्टेकट्टे गडी लागले तरी हलत नाही.

अशा वेळी पहिली ऊर्मी हातोडा उचलण्याची किंवा शेगडी पेटविण्याची होते, आणि दोन्ही आवरली पाहिजेत. उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुपटीने प्रसरण पावते, म्हणजे तापविल्याने दांडी अधिकच आवळते. करावयाचे ते नेमके याच्या उलट. फ्रेम उलटी टांगून क्रँकच्या बाजूने सीटच्या नळीत पातळ तेल सोडावे, काही दिवस मुरू द्यावे, आणि मग दांडीच्या पोकळीत बर्फ कोंबावा. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळीसाठी बर्फ मुबलक मिळतो, ही येथल्या कारागिराची मोठी सोय. दांडी आकुंचित होताच सीटवरून पिळून पाहावी. पहिला कुरकुर आवाज येईपर्यंत धीर सोडू नये, आणि आवाज आल्यावर ओढण्याची घाई करू नये, तर मागेपुढे पिळीत पुन्हा तेल द्यावे. एवढ्यानेही भागले नाही, तर दांडी वरून कापून नळीत कॉस्टिक सोड्याचे द्रावण भरणे हा शेवटचा उपाय. ते ॲल्युमिनियम विरघळवते आणि पोलादाला धक्का लावीत नाही. मात्र त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन निघतो आणि द्रावण कातडी व रंग दोन्ही खाते. म्हणून हे काम अंगणातच, हातमोजे आणि चष्मा लावून, विडीकाडीपासून दूर करावे. ज्यास एवढे व्यवधान राखणे जमणार नाही, त्याने या उपायाच्या वाटेस जाऊ नये.

गंज काढण्याविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. आपल्या घरोघरी तांब्यापितळेची भांडी चिंचेने, आमसुलाने किंवा बिंबलाने घासतात, आणि बिंबलात जे ऑक्झॅलिक आम्ल विपुल असते तेच गंजावर उत्तम चालते. तथापि फळाच्या रसाचा अंदाज लागत नाही. त्यापेक्षा औषधी दुकानातून त्या आम्लाची भुकटी आणून पाण्यात हलके द्रावण करावे. त्याचा गुण असा, की ते गंज उतरविते आणि बेताने वापरल्यास जुना रंग व त्यावरील सोनेरी रेघा बहुधा शाबूत ठेवते. बाहेर काढल्यावर फ्रेम खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन ताबडतोब कोरडी करावी, नाही तर पिवळसर राप चढतो. हे आम्ल विषारी आहे, हे मुलाबाळांच्या घरात विसरून चालणार नाही.

आता ओळखीचा प्रश्न. जुनी सायकल विकणारा सांगेल तेच नाव तिचे असते असे नाही. बिल्ला एका कंपनीचा, फ्रेम दुसरीची आणि चाके तिसरीची, हा प्रकार नित्याचा आहे. अशा वेळी रंगापेक्षा आट्यांवर विश्वास ठेवावा. बीएसएच्या मापाने क्रँकच्या वाटीला इंचास चोवीस आटे असतात आणि रॅलेच्या स्वतःच्या मापाने सव्वीस. एकाची वाटी दुसऱ्याच्या फ्रेममध्ये जुलुमाने पिळली, तर दोन्हींचे वाटोळे होते. उजव्या बाजूच्या वाटीचे आटे उलटे असतात, हेही नवशिक्याने पाना लावण्यापूर्वी ध्यानी घ्यावे. बीएसएच्या सायकलींचा मूळ कारखाना केव्हाच इतिहासजमा झाला, परंतु त्याचे आट्यांचे माप जगभरच्या डोंगरी सायकलींनी पुढे चालविले, ही आजोबा-नातवाच्या नात्याची आणखी एक साक्ष. तीन गियरचा स्टर्मी-आर्चर हब हाती लागला, तर त्याचे नळकांडे पुसून पाहावे. १९३६ साली निघालेल्या एडब्ल्यू जातीच्या हबवर बहुधा निर्मितीचे साल ठोकलेले असते, आणि पुष्कळदा महिनाही. चाक बदललेले नसेल, तर सायकलीचे वय ठरविण्यास एवढा पुरावा पुरतो.

डोंगरी सायकलींच्या सुट्या भागांत कालनिर्णय अधिक सूक्ष्म आणि अधिक रंजक होतो, कारण तेथे दोन जपानी पेढ्यांची झुंज आहे. सनटूरने १९६४ साली तिरप्या समांतरभुज रचनेचा मागचा डिरेलर, म्हणजे गियर बदलणारा भाग, काढला. १९८४ साली त्याच्या पेटंटची मुदत सरताच शिमानोने ती रचना उचलून तिला टप्प्याटप्प्याने ‘टक्’ करून बसणाऱ्या गियरची जोड दिली, आणि दहाएक वर्षांत सनटूरचा बाजार उठला. संग्राहकांना मात्र आज सनटूरच्या एक्ससी प्रो मालिकेचे मोल विशेष वाटते, कारण तिच्या काही भागांत बाहेरूनच ग्रीस भरण्याची सोय होती. आमच्याकडच्या पावसाळ्यात हा विचार किती दूरदर्शी होता, हे ज्याने हबमधून चहासारखे पाणी काढले आहे त्यालाच समजेल. आपल्याकडे १९९० नंतर आलेल्या देशी सायकलींत यांतले फारच थोडे होते. जाड खाचांचे टायर आणि सरळ हँडल एवढ्याच भांडवलावर त्या डोंगरी म्हणवीत, आणि कंपनी कोणतीही असो, पोरे तिला ‘रेंजर’च म्हणत. जाणकार त्यांस तुच्छ लेखतात. परंतु एका पिढीने चढ प्रथम जिंकला तो त्यांच्याच जोरावर, सबब त्यांनाही या पुस्तकात एक प्रकरण दिले आहे.

या क्षेत्रात महाराष्ट्र अगदीच रिकाम्या हाताने उभा नाही. पुण्यास कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी पदरमोड करून उभारलेले सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बीएसएने बनविलेली घडीची सायकल तेथे पाहावयास मिळते, आणि कुलपे, दिवे, पंप, अवजारे यांचाही संग्रह सायकलीइतक्याच आस्थेने मांडलेला आहे. मुंबईचे पारशी तरुण आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा १९२३ साली सायकलीवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघून १९२८ साली परतले, ही कथाही आपल्याच मुलखाची. परंतु संग्रहालये आणि विक्रम यांहून मोठा ठेवा कोपऱ्यावरच्या सायकल दुकानात आहे. चाकातला ‘आऊट’ केवळ बोटाच्या नखाने जोखून काढणारा, काटरपिन न चेंगरता ठोकून बाहेर आणणारा, छर्रे हातात खुळखुळवून त्यांतला झिजका वेगळा काढणारा मिस्त्री आता उतारवयाला लागला आहे, आणि त्याचा मुलगा मोटरसायकलीच्या कामाकडे वळला आहे. भाग परदेशातून मागविता येतील. हे ज्ञान मागविता येणार नाही. म्हणून प्रत्येक संग्राहकाने सायकलीबरोबर तिच्या मिस्त्रीचे म्हणणेही टिपून ठेवावे, अशी आग्रहाची सूचना आहे.

संग्रहाचे काही नीतिनियमही असतात. ज्याला आपल्या वस्तूचे मोल ठाऊक नाही, त्याच्याकडून ती भंगाराच्या भावाने उचलणे कायद्यात बसत असले तरी सचोटीत बसत नाही. तसेच शाबूत सायकल फोडून तिचे भाग किरकोळीने विकले, तर पैसे अधिक मिळतात, हे खरे. पण एकत्र राहिलेले भाग एकमेकांचे साक्षीदार असतात, आणि ते एकदा पांगले की कोणाचीच साक्ष पटत नाही.

पुस्तकाचा क्रम कामाच्या क्रमाने लावला आहे : आधी ओळख आणि नोंद, मग उकल, मग गंज व रंग, मग चाके, मग गियर व ब्रेक, आणि शेवटी जोडणी. ज्यास केवळ संग्रहाची हौस आहे, त्याने पहिला भाग वाचून थांबले तरी चालेल. ज्याच्या हाताला ग्रीसची किळस नाही, त्याने पुस्तक मधल्या भागापासून दुकानातच उघडे ठेवावे, पाने मळली तर त्याची खंत मानू नये. मात्र जोडणी झाली म्हणजे काम संपले, असे कोणी समजू नये. पावसाहून गोळपाकडे जाताना जो चढ लागतो, तेथे सायकल न्यावी : क्रँक कुरकुरतो की नाही, चेन दात सोडते की नाही, आणि वरून परतताना ब्रेक वेळेवर लागतो की नाही, या तीन प्रश्नांची उत्तरे तेथे मिळतात. काळी असो वा डोंगरी, जी सायकल हा चढ चढून सुखरूप खाली येते तिचाच जीर्णोद्धार झाला. बाकीच्यांची नुसती रंगरंगोटी झाली, असे समजून त्यांना पुन्हा उकलण्यास घ्यावे.

पावस, जिल्हा रत्नागिरी